वेगडजींची सुट्टी

नर्मदा परिक्रमेवरचं एखादं तरी पुस्तक मराठी घरात सापडतंच. कुणी चालून आल्यावर लिहिलेलं, कुणी चालून आलेल्याने प्रसादासोबत हातात ठेवलेलं. त्यात बरेचदा अमृतलाल वेगडांचं पुस्तक असतं, मराठी अनुवादातलं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादा घरदार सोडलेला साधू उभा राहतो. प्रत्यक्षात वेगड चित्रकलेचे मास्तर होते. जबलपुरात जन्मले, १९४८ ते १९५३ शांतिनिकेतनात नंदलाल बसूंपाशी शिकले, परत आले आणि जबलपुरातच पोरांना चित्रकला शिकवायला लागले. १९७७ मध्ये ते पहिल्यांदा जबलपूरहून मंडल्याकडे चालत निघाले, तेव्हा पन्नाशी उंबऱ्यावर आली होती. पुढे कित्येक वर्षं तोच क्रम. सुट्टी लागली की झोळीत स्केचबुक टाकायचं, कधी विद्यार्थ्यांना सोबत घ्यायचं, गेल्या वेळी जिथे थांबलो तिथून पुढे चालायला लागायचं, आणि सुट्टी संपायच्या आत वर्गावर हजर व्हायचं.

हे मी भक्तीच्या अंगाने सांगत नाही, हिशेबाच्या अंगाने सांगतो आहे. नर्मदेची ती चित्रं, मासिकांच्या रंगीत कागदांचे कपटे चिकटवून केलेली ती कोलाजं, ज्या गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला ते पुस्तक, या सगळ्याच्या मुळाशी एक अगदी रुक्ष गोष्ट आहे: सुट्टीतही पगार चालू असलेली चित्रकलेच्या शिक्षकाची नोकरी.

ती नोकरी आता मरते आहे. ती वाचवायला चला, असं सांगण्यासाठी हा लेख आहे.

आमच्या भागात, म्हणजे मध्य प्रदेशात, कॉलेजात तात्पुरत्या शिकवणाऱ्याला 'अतिथी विद्वान' म्हणतात. काय भारदस्त शब्द आहे! अतिथी म्हटलं की पाट-पाणी आलं, पुरणपोळी आली. इथे अतिथीला वर्ग उघडायची किल्ली मिळाली तरी पुष्कळ. महाराष्ट्रात त्याच माणसाला 'सीएचबी' म्हणतात, घड्याळी तासांवरचा. निदान त्या शब्दाला स्वतःविषयी भ्रम नाही. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. उन्हाळा आला, परीक्षा आल्या, दिवाळी आली की पैशांचा नळ बंद. डिसेंबर २०१९ मध्ये भोपाळच्या शाहजहानी पार्कात या अतिथी विद्वानांनी ऐन थंडीत मांडव टाकला होता. त्यांत पीएच.डी. झालेली माणसं होती, लेकरं कडेवर घेतलेल्या बाया होत्या. वर्तमानपत्रांत फोटो आले, मग दुसऱ्या बातम्या आल्या.

माझी भाची अशीच एका ठिकाणी शिकवते. गाव सांगत नाही, कॉलेज तर नाहीच नाही. चार वर्षं बी.एफ.ए., दोन वर्षं एम.एफ.ए., त्यानंतर नेट, असा सगळा घाट चढून ती वर आली आणि वर सपाटीच नव्हती. गेल्या दिवाळीला घरी आली तर बॅगेत रंग नव्हते, पताका होत्या. कुणाच्या तरी लग्नाच्या भिंतीचं काम घेतलं होतं. "वेगडजी सुट्टीत नर्मदेवर जायचे, तू कुठे जाणार?" असं मी आपलं सहज विचारलं. ती म्हणाली, "मामा, माझ्या सुट्टीत मला काम शोधावं लागतं. सुट्टी त्यांना होती." मला पुढे काही बोलता आलं नाही. पण तेव्हापासून वेगडांच्या पुस्तकाकडे बघितलं की त्यातली नदी आधी दिसत नाही, हजेरीपुस्तक दिसतं.

कुणी म्हणेल, एका वेगडांवरून एवढं का बोलता? एक नाही, म्हणून तर बोलतो. जबलपुरात त्यांच्या जोडीला ब्योहार राममनोहर सिन्हा होते. १९२९ चा जन्म, तेही नंदलाल बसूंचे विद्यार्थी. आपल्या संविधानाच्या मूळ हस्तलिखितातली उद्देशिकेचं पान आठवा. शाळेच्या भिंतीवर, तहसील कचेरीत, हल्ली तर लग्नपत्रिकेवरही छापतात ते. त्या पानाची नक्षीदार चौकट राममनोहरांच्या हातची आहे. किनारीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'राम' अशी सही आहे; भिंग घेऊन बघा, सापडेल. हा माणूस पुढे चीनला गेला, तिथल्या शाईच्या कुंचल्याचं तंत्र शिकला, आणि दिल्ली-मुंबई न गाठता जबलपूरला परतून पोरांना रेषा शिकवत बसला. गोलबाजारातल्या शहीद स्मारकात गेलात तर भिंतींवर स्वातंत्र्यलढ्याची चित्रं आहेत. राममनोहर आणि शांतिनिकेतनात घडलेल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रंगवली. नाटकाला, भाषणाला, गाण्याला म्हणून गेलेल्या जबलपूरकरांच्या तीन पिढ्यांनी त्या भिंतींकडे मान वर करून पाहिलं आहे. चित्र कुणाचं हे बहुतेकांना माहीत नसेल. पण चित्र असं असतं, एवढं कळण्यासाठी नाव माहीत असावं लागत नाही.

विनोबांनी जबलपूरला 'संस्कारधानी' म्हटलं, असं आम्ही पाहुण्याला पहिल्या चहासोबतच ऐकवतो. ठीक आहे. पण संस्कार काही हवेतून झिरपत नाहीत. तोफखान्याच्या कारखान्यात, रेल्वेत, विद्युत मंडळात, हायकोर्टात नोकऱ्या करणाऱ्यांचं हे गाव. इथल्या मराठी घरांतही पोरगं दहावीला चित्र काढताना दिसलं की "आधी पोटाचं बघ" हेच ऐकू यायचं. अशा गावात चित्रकला हा पोटाचाही धंदा असू शकतो, याचा एकमेव चालता-बोलता पुरावा कोण होता? सायकलवरून कॉलेजला जाणारा चित्रकलेचा प्राध्यापक. त्याला घर होतं, पेन्शन होतं, मुलांची लग्नं त्याने केली होती. बापाला पोराच्या हट्टापुढे नमवायला दुसरा कुठलाही युक्तिवाद चालत नसे, हा चालत असे.

आता चित्रकला शिकवणं म्हणजे नेमकं काय, ते थोडं सांगतो, कारण ज्यांच्या हाती पदं मंजूर करणं आहे त्यांना बहुधा वाटतं की फळ्यावर काहीतरी काढून दाखवलं की तास संपला. स्टिल लाइफच्या वर्गात मडकं, कांदे आणि चुरगळलेलं फडकं मांडलेलं असतं. वीस पोरं वीस कोपऱ्यांतून ते बघत असतात, म्हणजे वीस वेगळी चित्रं आहेत. मास्तर मागून फिरतो. तासाभरात तीन वाक्यं बोलतो. एकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "थांब, वाळू दे." दुसऱ्याच्या कागदाच्या समासात, चित्राला हात न लावता, दोन रेघांत दाखवतो की मडक्याचा तळ टेबलावर टेकलेला नाही, तरंगतो आहे. तिसऱ्याला काहीच सांगत नाही, कारण गेल्या आठवड्यात त्याला सांगितलं होतं आणि ते अजून त्याच्या हातात उतरतंय. हे 'गेल्या आठवड्यात' महत्त्वाचं आहे. कुणाचा हात कुठे अडखळतो, कोण रंगाला घाबरतो, कोण कौतुकाने बिघडतो, हे कळायला मास्तरला वर्ष-दीड वर्ष लागतं. जुलैमध्ये नेमलेला आणि मार्चमध्ये निरोप दिलेला माणूस हे करूच शकत नाही. तो हुशार असेल, प्रेमळ असेल, चित्रकार म्हणून थोर असेल. पण पुढच्या जुलैत त्या वर्गासमोर दुसराच कुणी उभा असतो आणि पोरांच्या हाताची ओळख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बी.एफ.ए.च्या चार वर्षांत चार अतिथी. चित्रकलेचं शिक्षण असं होत नाही, हस्तांतर होतं, तेही फायलींचं.

आणि भेडाघाटला कोण नेणार? जबलपूरच्या विद्यार्थ्याचं अर्धं कॉलेज तिथल्या चौसष्ट योगिनींच्या देवळात आहे. दहाव्या शतकातलं, कलचुरींच्या काळातलं ते गोल प्रांगण, भोवती ओळीने बसलेल्या योगिनी, फुटलेले हात आणि शाबूत राहिलेला कमरेचा बाक. तिथे एकदा नुसतं जाऊन भागत नाही. सकाळच्या उन्हात एक योगिनी दिसते, दुपारी तीच दुसरी असते. खाली धुआंधार धबधब्याच्या वाटेवर मऊ दगडाचे हत्ती-गणपती कोरणारे कारागीर बसलेले असतात. पोरांनी त्यांच्याशेजारी मांडी घालून छिन्नी हातात धरावी, हा धडा कुठल्या अभ्यासक्रमात लिहिलेला नसतो. तो धडा घ्यायला शनिवारी घरी न जाणारा, बसचे पैसे स्वतःच्या खिशातून आधी भरणारा मास्तर लागतो. ज्याचे स्वतःचेच पैसे तीन महिने थकले आहेत, त्याच्याकडून ही अपेक्षा करायला जीभ उचलत नाही.

"युट्यूबवर सगळं शिकता येतं," हे मला कुणी ना कुणी सांगतंच. येतं. जलरंगाचा वॉश कसा टाकायचा हे मी स्वतः साठीनंतर तिथेच बघितलं. पण युट्यूबला माझ्या मडक्याचा तळ दिसत नाही. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, खरा कलावंत नोकरी करत नाही. ही समजूत मात्र धोकादायक आहे, कारण ती ऐकायला रोमांचक वाटते आणि सरकारला स्वस्त पडते. या समजुतीला उत्तर आपल्याच लोकांच्या इतिहासात आहे. १९२७ मध्ये इंदूरला दत्तात्रेय दामोदर देवळालीकरांनी चित्रशाळा उभी केली. त्यांच्या हाताखालून नारायण श्रीधर बेंद्रे गेले, विष्णू चिंचाळकर गेले, काही काळ मकबूल फिदा हुसेनही तिथे होते. बेंद्रे पुढे १९५० मध्ये बडोद्याच्या नव्या कला शाखेत चित्रकलेचे प्रमुख झाले आणि सोळा वर्षं तिथे राहिले. त्यांच्यापाशी ज्योती भट्ट शिकले, गुलाम मोहम्मद शेख शिकले. ते दोघे पुढे त्याच बडोद्यात वर्षानुवर्षं शिकवत राहिले. चिंचाळकर इंदुरात सगळ्यांचे 'गुरुजी' झाले. वाळकी फांदी आणि फुटकी बरणी यांतही चित्र असतं हे त्यांनी दोन पिढ्यांना दाखवलं. गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा घडवणारे रघुनाथ कृष्ण फडके धारला जाऊन राहिले आणि तिथे त्यांनी शिल्पकलेचं ठाणं उभं केलं. मुंबईत जे.जे.मध्ये शंकर पळशीकरांच्या हाताखाली शिकलेले प्रभाकर कोलते तिथेच दोन दशकं शिकवत होते. यातला एकही जण नोकरीमुळे लहान झाला नाही. उलट त्यांच्या खुर्च्या नसत्या, तर आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासातली निम्मी पानं कोरी राहिली असती. गंमत म्हणजे त्याच जे.जे.त, १८५७ पासून चालत आलेल्या त्या शाळेत, कायम प्राध्यापकांच्या रिकाम्या जागांचा प्रश्न गेली कित्येक वर्षं गाजतो आहे. जबलपूरने एकट्यानेच रडावं अशी स्थिती नाही.

मग करायचं काय? रडायचं नाही, एवढं पहिलं.

जबलपूरचे असाल, नागपूरचे, इंदूरचे, छत्रपती संभाजीनगरचे असाल, तर दहा रुपये काढा. माहिती अधिकाराच्या अर्जाचं तेवढंच शुल्क आहे. आपल्या शहरातल्या सरकारी कला महाविद्यालयाला, आणि जिथे बी.ए.ला चित्रकला हा विषय आहे त्या प्रत्येक सरकारी कॉलेजला, तीन प्रश्न विचारा: चित्र-शिल्प विभागांत मंजूर पदं किती, त्यांपैकी कायम माणसाने भरलेली किती, आणि शेवटची कायम नेमणूक कुठल्या साली झाली. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. उत्तर आलं की ते घरात ठेवू नका. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठ्या अक्षरांत लिहून गणपतीच्या मांडवात लावा. आपल्या मंडळांना देखाव्याला विषय हवाच असतो. आमदार आरतीला येतात, त्यांना त्याच्यासमोर उभं करून फोटो काढा. अधिवेशनात तारांकित प्रश्न कसा विचारायचा हे त्यांना माहीत असतं, कुणी विचारायला लावत नाही इतकंच.

चित्रकारांनो, तुमच्यासाठी वेगळं सांगणं आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत दृश्यकलेच्या सहायक प्राध्यापकासाठी दोन दारं ठेवली आहेत. एक सगळ्यांना माहीत असलेलं: पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा पीएच.डी. दुसरं दार पदवी असलेल्या व्यावसायिक कलावंतासाठी आहे, ज्याने नामवंत कलावंतापाशी शिक्षण घेतलं आहे आणि ज्याला विषयाची सैद्धांतिक बाजू उलगडून सांगता येते. या दुसऱ्या दाराला बहुतेक ठिकाणी आतून कडी असते, कारण बाहेरून कुणी वाजवतच नाही. जाहिरात आली की अर्ज करा. या दाराचा उल्लेखच जाहिरातीत नसेल तर लेखी विचारा, का नाही म्हणून. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. हा आकडा मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्या घरांत या आकड्याखेरीज कुठलीही कला पटत नाही. आणि पद मिळेपर्यंत हात बांधून बसू नका. ज्यांची चित्रं मुंबई-दिल्लीत विकली जातात त्यांनी वर्षातून पंधरा दिवस आपल्या जुन्या कॉलेजात जाऊन बसावं. फुकट नको, फुकट नकोच, तीच तर सरकारला सवय लागली आहे. मानधन घ्यावं आणि पावती मागावी.

'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नावाची एक योजनाही आली आहे, बाहेरच्या अनुभवी माणसाला काही वर्षांसाठी वर्गात आणण्याची. चांगली आहे. पण ती लोणचं आहे, पोळी नाही. नुसत्या लोणच्यावर ताट वाढून 'जेवण झालं' म्हणणाऱ्या यजमानाला तसं तोंडावर सांगायला हवं.

माजी विद्यार्थ्यांनी आणखी एक करावं. आपल्या मास्तरांची आठवण लिहून काढा. गोडगोड नको. ते वर्गात काय म्हणायचे, कागद कसा धरायचे, कुठल्या चुकीला रागवायचे, भेडाघाटला जाताना डब्यात काय असायचं, हे लिहा. त्यांनी समासात काढून दिलेले ते दोन रेघांचे कागद रद्दीत गेले नसतील तर स्कॅन करा. नंदलाल बसू आपल्या विद्यार्थ्यांना पोस्टकार्डांवर चित्रं काढून पाठवत असत. ती जपली गेली म्हणून आज कळतं की शिकवणं नावाची गोष्ट वर्गाबाहेर कुठवर जाते. आपल्या मास्तरांची पोस्टकार्डं कुणाच्या ट्रंकेत आहेत? पद का हवं, हे पटवताना अधिकाऱ्याच्या टेबलावर असे पन्नास कागद ठेवले, तर त्यांचं वजन निवेदनापेक्षा जास्त होईल.

आणि आई-बापांनो, तुमच्या हातात सगळ्यात मोठं हत्यार आहे: प्रवेशाचा अर्ज. वर्ग रिकामे म्हणून पदं रद्द, पदं नाहीत म्हणून वर्ग रिकामे, हे रहाटगाडगं फोडायला एका टोकापासून तरी सुरुवात करावी लागेल. पोरीचा हात चांगला आहे असं शेजाऱ्यांनाही दिसत असेल, तर तिला इंजिनिअरिंगच्या सातव्या फेरीपर्यंत रांगेत उभी करू नका. तिच्यासोबत कला महाविद्यालयात जा. प्राचार्यांसमोर बसून विचारा, "चारही वर्षं हिला कोण शिकवणार? त्यांचं नाव सांगा." नाव सांगता आलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, चार पालक घेऊन.

माझ्या भाचीला मी हा मजकूर वाचून दाखवला. पताकांचा भाग काढून टाक म्हणाली, लाज वाटते. मी ठेवला. मग तिने माझ्याकडून दहा रुपये मागून घेतले आणि कोरा कागद पुढे ओढून विचारलं, "मामा, जन माहिती अधिकाऱ्याला अर्ज लिहिताना 'प्रति' कुठल्या बाजूला लिहायचं?"